छोट्या मेमरीचा मोठा माणूस

गणपतीत गावी गेल्यावर काय काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमचं गाव कापडे, तालुका पोलादपूर. मुंबईहून आलेले चाकरमानी, ओटीवर आरतीला दाटीवाटी, बाहेर पाऊस आणि मध्येच गुल होणारी लाईट. यंदा या सगळ्यात आमच्या घरात अजून एक जण अडकून पडला होता. माझ्या चुलत भावाचा लॅपटॉप.

भाऊ महाडच्या कॉलेजात आयटी शिकतो. लॅपटॉप मुंबईच्या एका नातेवाइकाकडून आलेला, सेकंडहँड. रॅम फक्त ४ जीबी, आत जुनी फिरती हार्ड डिस्क, आणि एकाच डिस्कवर दोन संसार : एका बाजूला विंडोज, दुसऱ्या बाजूला लिनक्स. याला ड्युअल बूट म्हणतात हे तुम्हाला माहीत असेलच. प्रोजेक्ट लिनक्सवर. प्रोजेक्ट उघडला, सोबत ब्राउझरचे चार टॅब उघडले की माउस जागच्या जागी थिजायचा. पाच मिनिटं वाट बघायची, मग प्रोग्रॅम आपोआप बंद. सेव्ह न केलेलं सगळं गेलं. काकांनी नव्या लॅपटॉपचा विषय काढला आणि काकू गप्प झाल्या. त्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्यापैकी बऱ्याच जणांना कळतो.

मी तपासलं तर लिनक्सच्या स्वॅपला जेमतेम १ जीबी जागा दिलेली. स्वॅप म्हणजे काय? आपल्या कोकणातल्या घराचा माळा आठवा. रोज लागणारी भांडी खाली चुलीजवळ. वर्षातून एकदा लागणारं मोठं पातेलं माळ्यावर. खाली जागा कमी पडली की आत्ता न लागणारी वस्तू वर टाकायची, लागली की खाली काढायची. रॅम म्हणजे खालची फळी, डिस्कवरची स्वॅपची जागा म्हणजे माळा. भावाच्या घराचा माळाच एवढासा होता.

आता तुम्ही म्हणाल, यात कसलं आलंय विशेष? पण हा माळा कोणाला तरी पहिल्यांदा सुचला असेल ना? आणि ही चढउतार माणसानं न करता मशीननंच करावी, हे कोणी तरी पहिल्यांदा घडवून दाखवलं असेल ना? ज्याच्या टीमनं ते घडवलं त्याचं नाव टॉम किलबर्न. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. लॅपटॉपचं काय झालं ते शेवटी सांगतेच.

कापडाच्या गावातला मुलगा

टॉमचा जन्म ११ ऑगस्ट १९२१ चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशर भागातल्या ड्यूजबरी गावचा. हे गाव लोकरीच्या गिरण्यांचं. तिथला खास धंदा कोणता माहितीये? जुन्या लोकरी चिंध्या पिंजायच्या, त्यातून पुन्हा धागा काढायचा आणि नवं कापड विणायचं. आमच्या गावाचं नाव कापडे आणि त्याचं गाव कापडाचं, एवढ्यावरूनच मला तो जवळचा वाटायला लागला. आहे त्या जुन्या सामानातून नवीन काही तरी काढायचं, हे पुढे त्यानं आयुष्यभर केलं.

घरची परिस्थिती फार श्रीमंतीची नव्हती. वडील कारकून होते, चढत चढत कंपनीचे सेक्रेटरी झाले. टॉम गावातल्याच ग्रामर स्कूलमध्ये शिकला. गणितात तो इतका रमला की शाळेतली पुढची वर्षं जवळजवळ गणितातच गेली. १९४० मध्ये तो केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात दाखल झाला. दुसरं महायुद्ध सुरू होतं. माणसं हवी होती म्हणून अभ्यासक्रम आटोपशीर केले होते. १९४२ मध्ये, म्हणजे दोनच वर्षांत, तो पहिल्या वर्गात पदवी घेऊन बाहेर पडला.

वय २१. डिग्री गणिताची. आणि काम मिळालं इलेक्ट्रॉनिक्सचं! सरकारनं त्याला विजेचा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा एक झटपट कोर्स करायला लावला आणि माल्व्हर्न इथल्या रडार संशोधन केंद्रात पाठवून दिलं. तिथं फ्रेडी विल्यम्स नावाचे नावाजलेले इंजिनियर होते. त्यांना हवा होता अनुभवी हात, आणि समोर उभा राहिला हा कोरा पोरगा. आपल्यातल्या कित्येकांची पहिली नोकरी किंवा पहिली इंटर्नशिप अशीच सुरू होते. शिकलोय एक, समोर आलंय भलतंच. टॉमनं कुरकुर केली नाही. रडारची सर्किट्स हातानं जोडत, बिघाड शोधत तो युद्धाची वर्षं शिकत राहिला. १९४३ मध्ये आयरीन मार्सडेन हिच्याशी त्याचं लग्न झालं. युद्ध संपेपर्यंत विल्यम्सचा त्याच्यावर पूर्ण भरवसा बसला होता.

काचेच्या नळीतली आठवण

युद्ध संपलं. आता जगभरातल्या हुशार लोकांना एकच ध्यास होता : इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर. आकडेमोड वेगानं करणारी मशीन तयार झाली होती, पण नवीन काम द्यायचं म्हणजे तिच्या वायरी आणि स्विच बदलायचे. सूचना, म्हणजे आपण ज्याला प्रोग्रॅम म्हणतो, त्या मशीनच्या आतच साठवता आल्या तर? कल्पना कागदावर तयार होती. अडलं होतं ते एकाच गोष्टीवर. साठवायचं कशात? मेमरीच नव्हती.

विल्यम्स आणि टॉमनं हात घातला तो रडारच्या पडद्याला. जुन्या टीव्हीत असायची तशी काचेची नळी. तिच्या आतल्या पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत मारला की तिथं विजेचा एक बारीकसा भार राहतो. ठिपका एका प्रकारचा असेल तर शून्य, दुसऱ्या प्रकारचा असेल तर एक. पण गंमत अशी की हा भार क्षणात विरून जातो. मग उपाय? विरायच्या आत तो वाचायचा आणि लगेच पुन्हा तिथंच लिहायचा. सतत, न थकता. आठवण टिकवायची तर तिची उजळणी करत राहायला लागते, हे परीक्षेच्या आदल्या रात्री आपल्यालाही कळतंच की! थट्टा सोडा, पण आजच्या तुमच्या रॅममध्येही साधारण हेच चालतं. तिथंही विजेचा भार गळत असतो आणि सेकंदाला कित्येकदा तो पुन्हा भरावा लागतो.

१९४६ च्या अखेरीस विल्यम्स मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेले. टॉमही माल्व्हर्नच्या केंद्राकडून तिकडे पाठवला गेला. सुरुवातीला नळीत एकच बिट टिकत होता. टॉम वर्षभर त्यावर बसला. १९४७ संपता संपता त्यानं एका नळीत २०४८ बिट साठवून दाखवले. त्यानं लिहिलेला अहवाल इंग्लंड-अमेरिकेत हातोहात फिरला. या नळीला पुढे दोघांचंही नाव मिळालं.

२१ जून १९४८

मेमरी तर झाली. पण ती खऱ्या कॉम्प्युटरच्या वेगात टिकते का, हे कसं कळणार? त्यासाठी कॉम्प्युटरच बांधायला हवा. टॉम आणि त्याचा सहकारी जेफ टूटिल यांनी एक छोटं मशीन जोडायला घेतलं. युद्धातलं उरलेलं सामान, टपाल खात्याच्या लोखंडी रॅक, साडेपाचशेच्या आसपास व्हॉल्व्ह. मशीन पाचेक मीटर लांब आणि वजन एक टनाच्या घरात, तरी त्याचं लाडाचं नाव काय पडलं? बेबी!

बेबीची मेमरी किती होती सांगू? ३२ ओळी, प्रत्येक ओळीत ३२ बिट. म्हणजे १०२४ बिट. आजच्या भाषेत १२८ बाइट. तुम्ही व्हॉट्सॲपवर टाकता तो मराठीतला जरासा मोठा मेसेजही त्यात बसणार नाही. बेबीला थेट बेरीजही येत नव्हती, फक्त वजाबाकी. बेरीज हवी तर वजाबाकीतूनच काढायची.

२१ जून १९४८ ला टॉमनं लिहिलेला १७ सूचनांचा प्रोग्रॅम बेबीच्या मेमरीत भरला गेला. काम एकदम साधं : २ चा अठरावा घात, म्हणजे २,६२,१४४, या संख्येचा तिच्यापेक्षा लहान असा सगळ्यात मोठा विभाजक शोधायचा. उत्तर अर्थात निम्मं, १,३१,०७२. तुम्ही-मी ते तोंडी सांगू. पण मुद्दा उत्तराचा नव्हता. मशीननं वरून खाली एकेक आकडा तपासत यायचं आणि इतका वेळ मेमरीतलं काहीही हरवता कामा नये, ही खरी परीक्षा होती. आधीच्या कित्येक प्रयत्नांत पडद्यावर ठिपक्यांचा नुसता गोंधळ दिसला होता. त्या दिवशी ५२ मिनिटांनी बरोबर उत्तर त्याच जागी स्थिर झालं. आपल्याच इलेक्ट्रॉनिक मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम कॉम्प्युटरनं चालवल्याची जगातली ही पहिली वेळ. टॉम तेव्हा २६ वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याला पीएचडीही मिळाली.

दोन मजले आणि एक हमाल

आता आपल्या माळ्याकडे येऊ.

बेबीचं पुढे मोठं मशीन झालं, मँचेस्टर मार्क वन. त्यात नळ्यांच्या जोडीला एक फिरतं चुंबकीय ड्रम बसवलं. नळ्या वेगवान पण महाग आणि लहान. ड्रम हळू, पण त्यात पुष्कळ मावतं. म्हणजे तेव्हाच दोन मजले झाले : खालची फळी आणि वरचा माळा. वर-खाली काय न्यायचं हे कोण ठरवणार? प्रोग्रॅम लिहिणारा माणूस. आपल्या प्रोग्रॅममध्ये जागोजागी त्यालाच लिहावं लागे की आता ड्रमवरचं अमुक पान खाली आण, आता तमुक पान वर ठेव. हो, 'पान' हाच शब्द तेव्हापासून रुळला. या मशीनवर काम करायला ॲलन ट्युरिंगही मँचेस्टरला आला होता आणि प्रोग्रॅम कसे लिहावेत याची पुस्तिका त्यानंच तयार केली होती. पण ट्युरिंग असो नाहीतर पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, ही हमाली कोणाला चुकत नव्हती. प्रश्न गणिताचा, आणि डोकं खर्ची पडायचं सामान हलवण्यात.

हे दुखणं फक्त इंग्लंडचं होतं असं समजू नका. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटानं टिफ्रॅक नावाचा कॉम्प्युटर इथंच बांधला. १९६० मध्ये तो पूर्ण ताकदीनं चालू झाला. त्याची मुख्य मेमरी होती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटचा. म्हणजे अवघे १० केबी. जगभर सगळ्यांचीच फळी लहान होती.

मँचेस्टरमध्ये टोनी ब्रूकर यांनी १९५४ मध्ये ऑटोकोड नावाची सोपी भाषा करून त्या भाषेपुरती ही हमाली लपवली. टॉमच्या डोक्यात मात्र त्याहून मोठा विचार होता. हे काम मशीननं स्वतःच करायचं, कोणत्याही भाषेतल्या प्रोग्रॅमसाठी.

ॲटलास

१९५६ मध्ये मँचेस्टरमध्ये नव्या, अतिवेगवान मशीनचं काम सुरू झालं. १९५९ मध्ये फेरांटी कंपनी सोबत आली आणि मशीनचं नाव ठरलं ॲटलास. ७ डिसेंबर १९६२ ला त्याचं उद्घाटन झालं. त्या काळातल्या जगातल्या सगळ्यात ताकदवान मशीनमध्ये त्याची गणना होत होती.

तरी आकडे बघा. वेगवान मेमरी १६,३८४ शब्द, प्रत्येक ४८ बिटचा. म्हणजे ९६ केबी. ड्रमवर त्याच्या सहापट, ५७६ केबी. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही या दोन्हीत मिळून मावणार नाही. एवढ्यात विद्यापीठभराचे लोक कामं घेऊन यायचे. वेगवान मेमरी इतकी महाग होती की हवी तेवढी घेणं परवडणारं नव्हतं. मग टॉम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काय केलं? मेमरी वाढवली नाही. ती मोठी आहे असं प्रोग्रॅमला वाटेल अशी सोय केली.

ती अशी. सगळ्या मेमरीची ५१२ शब्दांची एकसारखी पानं पाडली. वेगवान मेमरीत अशी ३२ पानं बसायची. प्रत्येकाच्या दारावर एक पाटी : या खोलीत सध्या कितवं पान राहतंय. प्रोग्रॅमनं एखादा पत्ता मागितला की मशीन सगळ्या ३२ पाट्या एकदम वाचणार. पाटी जुळली तर काम पुढे चालू. नाही जुळली तर प्रोग्रॅम क्षणभर थांबवायचा, ड्रमवरून ते पान आणायचं आणि पुन्हा तिथूनच पुढे चालू करायचं. प्रोग्रॅमला यातलं काहीही कळत नाही. त्याच्या दृष्टीनं सगळी मेमरी सलग, एकाच मजल्यावर.

पण खालची फळी भरलेली असेल तर वर कोणाला धाडायचं? इथं खरी हुशारी लागते. गणपतीच्या दिवसांत मोदकपात्र माळ्यावर टाकून चालेल का? ॲटलासमधला एक छोटा प्रोग्रॅम कोणतं पान किती वेळ वापरात होतं आणि किती वेळ पडून आहे याची नोंद ठेवायचा, आणि जे पान सगळ्यात उशिरा लागेल असा अंदाज येई ते वर पाठवायचा. शिवाय एक जागा कायम मोकळी ठेवलेली, म्हणजे येणाऱ्या पानाला दारात ताटकळायला नको. ६० वर्षांपूर्वीची ही योजना आजही जशीच्या तशी कळते, कारण तुमच्या लॅपटॉपमध्ये, अगदी मोबाइलमध्येही, पानांचा हाच हिशेब चालतो. पुढे याला व्हर्च्युअल मेमरी हे नाव पडलं.

शांत माणूस

टॉम भाषणबाजी करणाऱ्यांतला नव्हता. त्यानं आयुष्यभर मशीन बांधली आणि माणसं घडवली. १९६४ मध्ये मँचेस्टरला कॉम्प्युटर सायन्सचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, ब्रिटनमधला पहिला. टॉम त्याचा पहिला प्रमुख आणि १९८० पर्यंत त्या जागी राहिला. आज तुम्ही ज्या शाखेत ॲडमिशनसाठी धडपडता ती तेव्हा शाखा म्हणून मानायलाही बरेच जण तयार नव्हते, हे लक्षात घ्या. बेबी, मार्क वन, मेग, ॲटलास आणि मग एमयू-५. एका माणसाच्या कारकिर्दीत मँचेस्टरमध्ये पाच पिढ्यांची मशीन उभी राहिली. कामाबाहेर त्याचं एक वेड मात्र सगळ्यांना माहीत होतं : मँचेस्टर युनायटेडचा फुटबॉल.

मानसन्मान आले. १९६५ मध्ये रॉयल सोसायटीचं सभासदत्व, १९७८ मध्ये रॉयल पदक, १९८३ मध्ये कॉम्प्युटरच्या रचनेसाठी दिला जाणारा एकर्ट-मॉचली पुरस्कार. ज्याच्याबरोबर एका विद्यापीठात काम केलं त्या ट्युरिंगच्या नावाचा पुरस्कार मात्र त्याच्या वाट्याला आला नाही.

१९८१ मध्ये तो निवृत्त झाला. आता आयरीनसोबत निवांत दिवस काढायचे, असं वाटत असतानाच, निवृत्तीच्या उंबरठ्यावर, ती गेली. आयुष्यभर मशीनला विसरू न द्यायचं काम केलेल्या माणसाच्या घरात आता आठवणीच उरल्या. त्यानंतर जवळपास वीस वर्षं तो जगला.

१९९८ मध्ये बेबीला ५० वर्षं झाली. मूळ मशीन तर केव्हाच मोडीत निघालं होतं. पण काही जिद्दी मंडळींनी जुने फोटो, वह्या आणि त्याच काळातले सुटे भाग जमवून बेबी पुन्हा उभं केलं. २१ जूनला सोहळा झाला तेव्हा टॉम आणि जेफ टूटिल दोघंही हजर होते. ते मशीन आज मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयात आहे. १७ जानेवारी २००१ ला टॉम गेला, वयाच्या ७९ व्या वर्षी. मँचेस्टर विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स ज्या इमारतीत शिकवतात तिला आता त्याचं नाव आहे.

कापड्यातला माळा

टॉमची युक्ती लिनक्समध्ये कशी आली, त्याचीही एक छान गोष्ट आहे. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्स लिहायला घेतलं. जर्मनीतल्या एका वापरकर्त्याकडे फक्त २ एमबी रॅमचं मशीन होतं, त्यावर त्याचं काम होईना. मग लिनसनं त्या डिसेंबरात, नाताळच्या सुमारास, न लागणारी पानं डिस्कवर पाठवायची सोय लिनक्समध्ये घातली. त्याच महिन्यात तो २२ वर्षांचा झाला, म्हणजे आत्ता मी आहे त्या वयाचा. लिनक्समधला माळा एका गरीब मशीनसाठी बांधला गेलाय. भावाच्या लॅपटॉपसाठीच म्हणा ना!

आता तो माळा मोठा कसा केला ते सांगते. पण आधी माझी चूक ऐका. दुसऱ्या वर्षाला असताना मी माझ्या लॅपटॉपवर असाच पार्टिशनचा खेळ केला होता. बॅकअप नाही, घाई भरपूर. डिस्कवरचा चुकीचा तुकडा निवडला आणि डिलीट केला. त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, प्रॅक्टिकलसाठी मी रेकॉर्ड केलेल्या. आजी आता नाही. दोष कोणाचाच नाही, माझाच. २२ जुलै २०२१ ला महाडच्या बाजारपेठेत पुराचं पाणी शिरलं तेव्हा कागद आणि कॉम्प्युटर एकदमच बुडाले, हे आपल्या भागात सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून पहिलं काम : जे परत मिळणार नाही त्याची कॉपी दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर. ती उघडून बघायची. मगच पुढे.

पार्टिशन म्हणजे भावकीतली वाटणी समजा. एक घर, दोन भाऊ, मध्ये भिंत. पार्टिशन टेबल हा या घराचा सातबारा. भिंत सरकवायची तर ज्याची जागा घ्यायची त्यानं आधी सामान आवरायला हवं, आणि सातबाऱ्यावर नोंदही बदलायला हवी.

भावाच्या डिस्कवर क्रम असा होता : बूटसाठीचा छोटा ईएफआय तुकडा, मग विंडोजचा मोठा तुकडा, मग लिनक्स आणि शेवटी १ जीबी स्वॅप. विंडोजकडे भरपूर जागा रिकामी, लिनक्स मात्र काठोकाठ भरलेलं. लिनक्समध्ये जागा असती तर पार्टिशनला हातही न लावता नुसती स्वॅप फाइल करून भागलं असतं. तुमच्याकडे जागा असेल तर तेच करा.

आम्ही आधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद केलं. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि अशा वेळी त्याच्या तुकड्याला बाहेरून हात लावणं धोक्याचं. ड्राइव्ह बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून त्याचा तुकडा ८ जीबीनं आखडला. विंडोजचं घर विंडोजनंच आवरावं, हे बरं. नंतर एकदा विंडोज रीस्टार्ट करून ते धड चालतंय ना ते बघितलं.

आता मोकळी जागा झाली, पण ती विंडोज आणि लिनक्सच्या मध्ये. जुना स्वॅप तर पार शेवटी. बरेच जण इथं अख्खं लिनक्स सरकवायला जातात. तास न् तास लागतात, आणि मध्येच लाईट गेली तर संपलंच. पण विचार करा, स्वॅपमध्ये कायमचं काही नसतंच. मशीन बंद झालं की त्यातलं सगळं निरुपयोगी. मग जुना माळा ओढत आणायचा कशाला? नवीन बांधा, जुना पाडा.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, बॅटरी पूर्ण चार्ज. जीपार्टेड उघडलं. जुन्या स्वॅपवर कुलूप दिसलं, म्हणजे तो वापरात होता, तर आधी स्वॅपऑफ केला. मधल्या मोकळ्या जागेत ८ जीबीचा नवा स्वॅप तयार केला. शेवटचा जुना स्वॅप काढून ती १ जीबी लिनक्सच्या शेपटीला जोडली, कारण ती त्याला लागूनच होती. ईएफआयच्या तुकड्याला अजिबात हात लावला नाही. तुम्हीही लावू नका. तो गेला तर दोन्ही भाऊ घराबाहेर!

शेवटचं काम लोक विसरतात. नव्या स्वॅपची ओळख, म्हणजे यूयूआयडी, वेगळी असते. एफस्टॅब नावाच्या फाइलमध्ये जुनाच क्रमांक राहिला तर लिनक्स सुरू होताना पाडलेल्या माळ्याची वाट बघत बसतं, दीडेक मिनिट. तिथं नवा क्रमांक लिहिला. तुम्ही हायबरनेट वापरत असाल तर रिझ्यूमच्या सेटिंगमध्येही तोच बदला.

लॅपटॉप सुरू झाला. आधी लिनक्स, मग विंडोज, दोन्ही धड. प्रोजेक्ट उघडला, चार टॅब उघडले. थोडा रेंगाळला, पण बंद पडला नाही.

खरं तेच सांगायला हवं : तो वेगवान झालेला नाही. फिरती डिस्क रॅमपेक्षा कितीतरी पटींनी हळू असते. एकदम फार पानं वर-खाली व्हायला लागली तर मशीनचा सगळा वेळ जिन्यावरच जातो. ॲटलासच्या काळीही ही अडचण होतीच. माळा कितीही मोठा केला तरी स्वयंपाक खालीच होतो. पुढेमागे जमलं तर रॅम वाढवायची किंवा एसएसडी टाकायची आहे. पण तोवर प्रोजेक्ट अडत नाही, आणि नव्या लॅपटॉपचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही.

विसर्जन करून आल्यावर काकांनी विचारलं, नेमकं केलं काय? मी टॉम किलबर्नपासून सांगायला सुरुवात केली. काका दोन मिनिटांत उठून गेले. भाऊ मात्र शेवटपर्यंत ऐकत बसला, आणि मग उठून त्यानं त्या दिवशीचं काम पेनड्राइव्हवर कॉपी केलं. मी न सांगता.